चौदाव्या जोडीवर कान

या, जवळ या. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही पुढे सरकावं, सतरंजी अजून बरीच मोकळी आहे. टाळ घटकाभर मांडीवर ठेवा. देवाचं नाव घेऊन आज एक गोष्ट सांगते, पण ती पुराणातली नाही. ती अजून घडायची आहे, आपली नातवंडं नोकरीला लागतील त्या दिवसांतली. तरी घडून गेल्यासारखीच सांगते, कारण तिच्यातली माणसं मला आत्ताच ओळखीची वाटतात. एका बाईची गोष्ट आहे. ती बोलत होती ते खरं होतं. पण ते ऐकायला जो कान नेमला होता, त्याला तिचा आवाजच पटत नव्हता.

तिचं नाव मेहजबीन शिकलगार. माहेर मिरजेचं. आपल्या कीर्तनात बुवांच्या पाठीशी जो तंबोरा उभा असतो ना, त्याचा भोपळा कदाचित तिच्याच गल्लीत वाळलेला असेल. तिचे अब्बू दस्तगीरभाई तंबोऱ्याला जवारी लावायचे. घोडीवर जिथे तार टेकते ती जागा केसाएवढी घासायची, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, की मुकी तार गुंजायला लागते. आणि त्या कामाची एक रीत होती. जवारी लावणारा "झालं" असं कधी म्हणायचा नाही. स्वतःची कितीही खात्री असली, तरी तंबोरा समोरच्यापुढे सरकवून म्हणायचा, "बघा तर." दुसऱ्याचा कान लागल्याशिवाय सूर पुरा होत नाही, अशी त्या घराची श्रद्धा. मेहजबीन हे ऐकतच वाढली. पुढे ती इंजिनियर झाली, बांधकामांच्या कंपनांवर तिने मोठा अभ्यास केला. पण वाक्याच्या शेवटी "बघा तर" यायचं ते आलंच.

नोकरी लागली कोकणात, धामणशेतच्या खाडीपुलावर. खाडीच्या अल्याड धामणशेत, पल्याड मुरंबाड, मध्ये तारांवर तोललेला लांबच लांब पूल. उंच मनोऱ्यांवरून दोन्ही अंगांना मांडीएवढ्या जाड पोलादी तारा खाली आलेल्या; डावीकडे एक, उजवीकडे एक, अशा जोड्या. ताणलेली तार घट्ट असेल तर वरच्या सुरात बोलते, ढिली पडली की खाली उतरते, हे तर आपल्याला एकतारीसुद्धा सांगते. फक्त पुलाची तार इतकी लांब आणि जड, की तिचा सूर माणसाच्या कानाच्या फार खाली असतो. एका सेकंदाला एखादा हेलकावा. तारांना चिकटवलेली यंत्रं ते हेलकावे मोजतात आणि त्यावरून ताण काढतात. सूर थोडा उतरला, की ताण त्याच्या जवळजवळ दुपटीने उतरलेला असतो. म्हणून थोडं उतरणंही थोडं नसतं.

मेहजबीनच्या आधी ही यंत्रं बघायच्या खुर्चीवर अकोले तालुक्यातली एक बाई होती, सुमित्रा भांगरे. महादेव कोळ्यांच्या पाड्यावरून शिकून आलेली. त्या हेलकाव्यांचा वेग शेकडो पटींनी वाढवून ते हेडफोनमध्ये ऐकायची युक्ती तिची. नोकरी सोडून जाताना तिने मेहजबीनच्या डोक्यावर स्वतःच्या हाताने हेडफोन चढवला आणि एवढंच म्हणाली, "चौदाव्या जोडीवर कान ठेव. उजवीच्या बुंध्यात खारं पाणी जातंय असं मला वाटतं. मी सांगितलं, पण माझं वर गेलं नाही."

"वर म्हणजे साहेबांकडे?"

"साहेबांपर्यंत कुठलं? तोलच्या वर गेलं नाही."

तर आता हा तोल काय होता, ते ऐका.

नियंत्रण कक्षात दिवसभर इशाऱ्यांचा पूर असायचा. हे यंत्र पिवळं, ते यंत्र लाल, अमक्याला वाटतं, तमक्याला शंका. कुठल्याशा पुलावर या गर्दीत खरा इशारा बुडाला आणि माणसं गेली. म्हणून हुशार मंडळींनी एक यंत्र घडवलं. ते कक्षातलं प्रत्येक बोलणं ऐकायचं आणि बोलणाऱ्याचा ठामपणा मोजून त्याला अंक द्यायचं. वाक्याच्या शेवटी आवाज चढतो की उतरतो, मध्ये किती थांबतो, "वाटतं" किती वेळा येतं. ठाम बोलणं वर, डळमळीत खाली. वरचं बोलणं पूल थांबवा असं असेल, तर गाड्या अडवणारे अडसर आपोआप पडायचे. हेतू चांगलाच होता, खोटं कशाला बोलू? पण यंत्राला शिकवायला काय दिलं? मागच्या कित्येक वर्षांची ध्वनिमुद्रणं, ज्यांचे इशारे खरे निघाले त्यांची. आणि त्या खुर्च्यांवर इतकी वर्षं बसलं कोण होतं? एकाच तऱ्हेचे पुरुष, एकाच तऱ्हेची भाषा बोलणारे. यंत्राला वाटलं, खरं बोलणाऱ्याचा आवाज असाच असतो. सुमित्राचा डोंगरातला हेल, मेहजबीनचं मिरजेकडचं दखनी वळण आणि ते "बघा तर", हे त्याच्या लेखी सगळं डळमळीत.

शेजारच्या खुर्चीवर तन्मय केळुसकर बसायचा. स्वभावाने गोड पोरगा. पहिल्याच आठवड्यात त्याने तोडगा काढला. ती बोलली, की तेच वाक्य तो पुन्हा म्हणायचा. त्याचं झटक्यात वर जायचं.

"हे बरंय," मेहजबीन म्हणाली. "डबा मी आणायचा आणि ढेकर तू द्यायची."

"अगं, पूल तर सुरक्षित राहतो ना?"

ते खरंच होतं. पण तोल रोज शिकत होता. तन्मयचे इशारे खरे निघत, त्याचा अंक चढे. मेहजबीनचं आधीचं वाक्य "पुनरुक्ती" म्हणून बाजूला पडे आणि तिचा अंक आणखी घसरे. कुणी तिला मुद्दाम खाली ढकललं नव्हतं. वाईट म्हणाल तर एवढंच, की पाहणीला आलेले पाहुणे तिला हमखास चहाचं विचारायचे, आणि कुणी काळजीने म्हणायचं, "तुमच्यात चालतं का हो, बायकांनी असं पाळीचं काम केलेलं?" ती हसून म्हणायची, "आमच्यात तारा जुळवलेल्या चालतात." आणि कामाला लागायची.

मग पाळीप्रमुखाची जागा रिकामी झाली. अर्ज दोघांचेही. मुख्य अभियंता वैजयंती नाडगौडा यांनी मेहजबीनला केबिनमध्ये बोलावून टेबलावर घशाला बांधायची एक पातळ पट्टी ठेवली. पट्टीचं नाव पडदा.

"हा लाव आणि बोल. तुझंच बोलणं, फक्त आवाज तोलला आवडेल असा. 'वाटतं', 'बघा तर', सगळं गाळून टाकतो."

"आणि माझा आवाज?"

"एका खुर्चीला एकच आवाज. कामाचा एक इशारा यातून दिलास, की तोच तुझा आवाज म्हणून नोंदला जाईल. मूळचा मग तोल धरणार नाही." बाईंनी पट्टी तिच्याकडे सरकवली. "मी सीमाभागातली. बोलण्यात इतका कानडी हेल होता की पोरं नक्कल करायची. आरशासमोर उभी राहून घासून काढला मी तो. मला कुणी पट्टी दिली नव्हती. तुला आयती मिळतेय. भांगरेबाईंसारखा हट्ट करू नकोस."

"त्यांनी हट्ट केला?"

"नाही म्हणाल्या. आणि गेल्या."

त्या दिवशी दुपारी मेहजबीनने नुसतं करून बघावं म्हणून पट्टी बांधली आणि घरी फोन लावला.

"अब्बू, मी बोलतेय."

पलीकडून दस्तगीरभाईंचा आवाज, एकदम परका. "कोण बोलायलंय जी?"

"अब्बू, मेहजबीन."

"मेहजबीनचा फोन तुमच्याकडं कसा काय आला? पोरगी कुठाय माझी? काय झालंय तिला? खरं सांगा बाई!"

तिने पट्टी ओरबाडून काढली. "अब्बू, मीच. मीच आहे. काही झालेलं नाही."

"या खुदा. जीव गेलता की गं माझा. आवाजाला काय झालंतं?"

"इथल्या यंत्राला पटेल असा करून बघत होते."

"तुझा ऐकू येत न्हाई व्हय त्याला?"

"ऐकू येतो, अब्बू. धरत नाही."

दस्तगीरभाई म्हणाले, "नोकरी तुझी. तू ठरव, बेटा. पण मला फोन करताना ते काढून कर."

मुलाखतीच्या आदल्या दिवशी मुरंबाडला सप्ताह सुरू होता. संध्याकाळी चैतन्यबुवांचं कीर्तन. दिवसभर अंग भाजून काढणारं ऊन. ते कलायला लागलं तशा धामणशेतकडून बसगाड्या, टेम्पो, खाजगी गाड्या पुलावर चढू लागल्या. बुवांचीच बस मध्ये अडकलेली. गाड्यांची रांग मुंगीच्या चालीने सरकत होती.

मेहजबीन हेडफोन लावून बसली होती. उन्हात तार लांबते, सूर उतरतो. म्हणून यंत्र उन्हाची सूट धरूनच हिशोब करतं. त्या दिवशी सगळ्याच तारा उतरलेल्या होत्या आणि यंत्रावर सगळं हिरवं होतं. मग समुद्रावरून गार वारा सुटला. एकेक तार हळूहळू चढू लागली, जशी चढायला हवी. बारावी जोडी चढली, तेरावी चढली. चौदाव्या जोडीची डावी चढली.

उजवी जागची हलली नाही.

तिने दोघींना एकत्र ऐकलं. एकाच सुरात लावलेल्या दोन तारा किंचित वेगळ्या झाल्या, की त्यांच्यामध्ये एक थरथर उठते. वाँव, वाँव, वाँव. तंबोरा लावताना हीच थरथर मिटवायची असते. अंतर वाढलं की थरथर वेग धरते. तिने डोळे मिटले. वाँव-वाँव-वाँव. ती वेग धरत होती. डावी वर चालली होती म्हणून तेवढी धरायला हवी होती. पण ही त्याहून जास्त होती. म्हणजे उजवी नुसती थांबली नव्हती. ती खाली निघाली होती.

"चौदाव्या जोडीची उजवी तार उतरतेय," ती बोलली. "हे उन्हामुळे नाही असं मला वाटतं. बुंध्यात पकड सुटतेय. पूल थांबवायला हवा. बघा तर."

तोलने लिहिलं: ठामपणा कमी. पाळी संपताना पाहावे.

ती खुर्चीतून उठली. "पूल बंद करा! आत्ताच्या आत्ता!"

तोलने लिहिलं: भावनेचा उद्रेक. अंक आणखी खाली.

म्हणजे बघा मंडळी, हळू बोलली तर शंकेखोर, मोठ्याने बोलली तर भडक. दोन्हींच्या मध्ये जी जागा होती, ती तिच्यासाठी केलेलीच नव्हती.

"तन्मय, तू म्हण."

त्याने तिचा हेडफोन कानाला लावला. चेहरा कोराच. "मला काहीच कळत नाहीये गं. यंत्र तर अजून उन्हाच्या सुटीत धरून हिरवं दाखवतंय."

"रोज तरी कुठे कळायचं तुला? रोज म्हणायचास ना?"

"रोज तू पूल बंद करायला सांगत नव्हतीस!" त्याचा आवाज फाटला. "सप्ताहाची एवढी माणसं, सगळा तालुका अडकणार. आणि काही निघालंच नाही तर? उद्या मुलाखत आहे, मेहजबीन. माझी, तुझीसुद्धा."

तिने नाडगौडाबाईंना फोन लावला. त्या मुंबईला बैठकीत होत्या. ऐकून घेतलं, आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "मी इथून अडसर पाडू शकत नाही, अधिकार तोलकडे आहे. पट्टी आहे ना तुझ्याजवळ? मग वाट कसली बघतेस?"

वाँव-वाँव-वाँव-वाँव.

मेहजबीनने खणातून पट्टी काढली. बंद बसेना. बसला. तिच्या मनात आलं ते अब्बूंचं "कोण बोलायलंय जी?" तिने ते बाजूला सारलं आणि बोलली. खोलीत एक गुळगुळीत, कुठल्याच गावचा नसलेला आवाज उमटला: "चौदाव्या जोडीची उजवी तार निकामी होत आहे. पूल बंद करावा."

तोलने श्वासाचाही वेळ घेतला नाही. दोन्ही टोकांचे अडसर पडले. इशारा सगळ्यात वर. आणि खाली बारीक अक्षरांत: या खुर्चीचा आवाज नोंदला गेला.

तन्मय "बापरे" म्हणून मागे टेकला. "झालं की!"

झालं नव्हतं. आता गाड्या पुलावर येत नव्हत्या, पण आलेल्या जागच्या जागी उभ्या होत्या, आणि भरगच्च बसगाड्यांची रांग नेमकी चौदाव्या जोडीखाली. ध्वनिक्षेपकांवरून तोच गुळगुळीत आवाज सांगत होता, "पूल रिकामा करावा. पूल रिकामा करावा." कॅमेऱ्यात मेहजबीनने पाहिलं, एकही माणूस हलला नाही. कुणी शेंगा सोलतंय, कुणी खिडकीतून डोकं काढून पुढच्याला शिव्या घालतंय. हॉर्न चालूच.

मग तिच्या लक्षात आलं. हाच आवाज त्या पुलावर दिवसरात्र बोलत असायचा. वेगमर्यादा पाळा, मार्गिका बदलू नका, सेल्फी काढू नका. लोकांनी त्याला ऐकणं केव्हाच सोडून दिलं होतं. यंत्राला जो एकच आवाज ऐकू यायचा, माणसांना नेमका तोच ऐकू येत नव्हता.

तिने गळ्यातली पट्टी उपसून टाकली आणि ध्वनिक्षेपकाची कळ दाबली. समोर अक्षरं उमटली: अनोळखी आवाज. अधिकार नाही.

"मदतीचे फोन," तन्मय पुटपुटला. मग ओरडला, "बुंध्याशी मदतीचे फोन आहेत! ते जुने आहेत, तोलच्या आधीचे. थेट वाजतात!"

तिने चौदाव्याचा फोन वाजवला. तो वाजत राहिला. वाजत राहिला. कॅमेऱ्यात एका बसचा ड्रायव्हर वैतागून खाली उतरला आणि त्याने रिसीव्हर उचलला.

"हॅलो! कोण हाय? ती बया बंद करा आधी, दिवसभर कोकलतेय!"

"काका, मी पुलाच्या खोलीतून बोलतेय. मेहजबीन शिकलगार. तुमचं नाव?"

"गोताड. आता मागं घ्या म्हणून नको सांगू बाय. मागं टेम्पो लागलाय."

"नाही सांगत. एक काम करता का, गोताडकाका? गाडीचं इंजिन बंद करा, आजूबाजूच्यांनाही सांगा. आणि तुमच्या शेजारी जी तार आहे, तिच्या बुंध्याला कान लावून ऐका. मला इथे काहीतरी ऐकू येतंय. तुम्हाला येतंय का, बघा तर."

बघा, तिने हुकूम दिला नाही. घरी तंबोरा पुढे सरकवायचा, तसा तिने तो पूल त्या माणसापुढे सरकवला.

गोताड जरा घुटमळला. मग त्याने हात हलवून आरोळी दिली. एक इंजिन थांबलं, दुसरं थांबलं. हॉर्न गप्प झाले. बसमधून पांढऱ्या धोतरातले एक गृहस्थ उतरले, गळ्यात वीणा तशीच अडकवलेली. ते चैतन्यबुवा. दोघांनी तारेला कान लावला.

फोनमधून मेहजबीनलाही ऐकू आलं. टक्. थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा टक्, टक्. मोठ्या तारेच्या पोटात शेकडो बारीक तारा असतात. त्या एकेक तुटत होत्या.

"अरे देवा," बुवा म्हणाले. त्यांनी रिसीव्हर घेतला. "माउली, काय करू सांगा."

"सगळ्यांना उतरवा, बुवा. गाड्या तिथेच राहू देत. चालत मुरंबाडकडे न्या. धावपळ नको."

बुवांनी मागे वळून हाक दिली, आणि जी माणसं त्या आवाजाला दाद देत नव्हती ती बुवांच्या हाकेसरशी भराभर उतरली. म्हाताऱ्यांना हात दिले, पोरांना कडेवर घेतलं. आणि मग आपण जे केलं असतं तेच त्यांनी केलं. भीती वाटली की आपण काय करतो? नाम घेतो. टाळ निघाले. कुणी सूर धरला, आणि शेकडो पावलं एका ठेक्यात पडू लागली. डावं, उजवं, डावं, उजवं.

मेहजबीनच्या समोरच्या यंत्रावरची एक रेघ, जी इतका वेळ सरळ होती, ती डुलायला लागली. पूल आडवा झुलत होता. एका तालात पडणारी पावलं पुलाला झोका देतात, जसा पोराच्या पाळण्याला बरोबर वेळेवर दिलेला हलका धक्काही मोठा झोका देतो. झोका वाढला तर ती अर्धमेली तार एका क्षणात जाणार.

"गोताडकाका! बुवांना बोलवा! लवकर!"

बुवा धापा टाकत आले.

"बुवा, टाळ थांबवता का? पावलं एका ठेक्यात पडू देऊ नका. पूल झुलायला लागलाय."

"नाम थांबवू?" बुवांच्या आवाजात आयुष्यभराचा धक्का होता. "अशा वेळी?"

आपल्या आवाजात आपण काय मागतोय, हे मेहजबीनला कळत होतं. एक शिकलगारांची पोरगी, सप्ताहाला निघालेल्या बुवांना टाळ थांबवायला सांगतेय. "नाम मनात घ्या, बुवा. त्याला ऐकू येतंच. फक्त पाय ज्याचे त्याने वेगळे टाका. माझ्यासाठी एवढं करता का?"

टक्. मग बुवांनी गळ्यातली वीणा छातीशी घट्ट धरली, तारांवर तळहात ठेवून त्या मुक्या केल्या, आणि दुसरा हात उंच केला. टाळ थांबले. पावलं विस्कटली. ज्यांना जन्मभर एका तालात चालणं हीच भक्ती वाटली, ती माणसं वेड्यावाकड्या पावलांनी, तोंड मिटून, ओठ हलवत चालत राहिली. रेघ डुलता डुलता हळूहळू सरळ झाली. तन्मयने तोंडावर हात घेतला होता. तो रडत होता हे त्याला बहुतेक माहीत नव्हतं.

"बाय," फोनवर गोताड होता, "सगळे गेले. मी एकटा हाय. गाडी?"

"गाडी सोडा काका. जा."

"नवीन गाडी हाय गं."

"काका, जाता का आता?"

तो हसल्यासारखा वाटला. रिसीव्हर लोंबकळत राहिला. त्यातून तिला दूर जाणारी पावलं ऐकू आली, मग वारा. मग टक् टक् टक् टक्, आणि मग असा आवाज आला की तिने कानावरचा फोन फेकून दिला.

उजवी तार बुंध्यातून उपसून निघाली. पूल एका अंगाला कलला, रिकाम्या बसगाड्या घसरत कठड्याला जाऊन भिडल्या. बाकीच्या तारांनी तो तोलून धरला, कारण त्यावर माणूस नव्हता. कॅमेऱ्यात मुरंबाडच्या टोकाला एक माणूस गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता. तो गोताड. मग टेबलावर पडलेल्या त्या फोनमधूनच, लांबून, वाऱ्यावर एकदम टाळ वाजले.

चौकशी झाली. समितीतल्या एकांनी सगळ्यांना पडलेला प्रश्न विचारला. "एवढी खात्री होती, तर आधीच ठाम का बोलला नाहीत? 'वाटतं' काय, 'बघा तर' काय!"

मेहजबीन म्हणाली, "खात्री होती म्हणूनच 'बघा तर' म्हटलं, साहेब. खात्री नसलेला माणूस दुसऱ्याला कान लावू देत नाही."

तन्मयने उठून सांगितलं, की आजवर त्याच्या नावावर चढलेला प्रत्येक इशारा तिचा होता. सांगताना त्याचं वाक्य तीनदा अडखळलं. तोलने ते नक्कीच खाली टाकलं असतं. पण त्या दिवशी तोल बंद होता. तो पुन्हा शिकवायला पाठवला होता. पाळीप्रमुखाच्या जागेचा निकाल मी सांगत नाही, कारण तो लगेच लागलाच नाही. नाडगौडाबाई मात्र जाताना तिच्या खुर्चीपाशी थांबल्या आणि किती तरी वर्षांनी आपल्या मूळच्या हेलात चार शब्द बोलल्या. काय बोलल्या ते त्या दोघींनाच ठाऊक.

समितीने शेवटी विचारलं, चौदाव्या जोडीवरच लक्ष कसं गेलं? तेव्हा मेहजबीन म्हणाली, "माझं नव्हतं गेलं. मला सांगितलं होतं."

म्हणून मंडळी, आता उठताना एवढीच विनंती. मेहजबीनला लोक विसरणार नाहीत. पुलावरून उतरलेला एकेक माणूस तिचं नाव घेतो, बुवा कीर्तनात घेतात. पण तिच्याआधी त्याच खुर्चीवर बसून हेच सांगणारी एक बाई होती. तिच्यापुढे ना गर्दी होती, ना फोन उचलणारा गोताड. तिने पट्टी बांधली नाही, आरडाओरडा केला नाही. आपला हेडफोन दुसरीच्या डोक्यावर ठेवला आणि निघून गेली. पुढच्या वेळी एखादा पूल ओलांडाल, आणि पाय सुखरूप पलीकडे टेकतील, तेव्हा एक टाळी वाजवून तिची आठवण करा. सुमित्रा भांगरे तिचं नाव.